ट्रायजेमिनो-कार्डियाक रिफ्लेक्स: जबड्याच्या शस्त्रक्रियेत

चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल ही पाचवी मस्तिष्क तंत्रिका दाबली वा ओढली गेली की हृदयाची गती एकाएकी मंदावते, रक्तदाब उतरतो, क्वचित काही सेकंद ठोकाच पडत नाही. हाच ट्रायजेमिनो-कार्डियाक रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया. संदेश मेंदूच्या खोडात पोहोचतो आणि तिथून व्हेगस ही दहावी तंत्रिका हृदयाला लगाम घालते. डोळा दाबल्यावर दिसणारे याचेच भावंड आश्नर व डॅग्निनी यांनी १९०८ मध्ये नोंदवले.

नाडी आणि सरासरी रक्तदाब मूळ पातळीपेक्षा २० टक्के किंवा जास्त घसरणे, ही रूढ मोजपट्टी. मूळ पातळी मात्र ज्याची त्याची. कोल्हापुरातल्या पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या पोराची नाडी एरवीच ५०-५५ असू शकते. त्याच्या मॉनिटरवरचे ४८ आणि ८० वरून ४८ वर आलेली नाडी यांत फार अंतर आहे.

वरचा जबडा सरकवताना, म्हणजे ल-फोर्ट १ मध्ये, धोक्याचा क्षण ठरलेला असतो. हाड करवतीने कापून झाले, मागचा जोड वाकड्या छिन्नीने सोडवला, की जबडा खाली ओढून मोकळा करतात. तेवढ्यात मॉनिटरची टिकटिक लांबते. म्हणून त्याचा आवाज कधीही बंद ठेवू नये. सर्जनचे डोळे तोंडात असतात, कान मोकळे असतात. हलकी भूल, ऑक्सिजनची कमतरता, साठलेला कार्बन डायऑक्साइड, फेंटानिलसारखी तीव्र वेदनाशामके आणि नाडी मंदावणारे बीटा-ब्लॉकर यांमुळे रिफ्लेक्स सहज चाळवतो. रक्तस्रावाने सहसा नाडी वाढते, हा फरक लक्षात ठेवावा.

पहिला उपचार औषध नव्हे, सर्जनने ओढ थांबवून हात काढणे. बहुतेकदा तेवढ्याने नाडी परतते. भूलतज्ज्ञ तोवर श्वासनळीतली नळी, ऑक्सिजन आणि भुलीची खोली तपासतो. नाडी वर येईना तर व्हेगसचा लगाम सैल करणारे ॲट्रोपिन शिरेतून, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, ६० किलोच्या रुग्णाला आपल्याकडची ०.६ मिलिग्रॅमची अख्खी ॲम्प्युल. ठोका थांबलेलाच राहिला तर सीपीआर. कोल्हापूरकराला या अक्षरांनी आधी त्याच नावाचा सरकारी दवाखाना आठवतो, इथे अर्थ छाती दाबणे, सोबत ॲड्रेनलिन.

सगळ्यांना आधीच ॲट्रोपिन टोचणे बरे नव्हे: नाडी धावते, रक्तस्राव आवरणे अवघड होते, आणि रिफ्लेक्स टळेलच असे नाही. त्यापेक्षा वरच्या जबड्याच्या तंत्रिकेला लिग्नोकेनने बधिर करणे पटते. पुन्हा ओढताना नाडी पुन्हा घसरू शकते, म्हणून दुसऱ्या खेपेला ओढ हळूहळू आणि भूलतज्ज्ञाला सांगूनच द्यावी.