वरणातली हळद आणि डोळ्यांतला पिवळेपणा

उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की ओळखीपाळखीत कुणीतरी काविळीने आडवं होतंच. घरात लगेच फर्मान सुटतं: वरणात हळद टाकायची नाही! आणि चौकातून बर्फ घातलेला उसाचा रस मागवला जातो. कावीळ करणारे यकृताचे विषाणूजन्य आजार, हेपॅटायटिस ए आणि ई, दूषित पाण्यातून पसरतात. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, हे मात्र कुणी विचारत नाही.

डोळ्यांतला पिवळेपणा हळदीचा नसून आपल्याच रक्ताचा असतो. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. ती मोडीत निघाली की हिमोग्लोबिनमधल्या हीम या लोह असलेल्या भागापासून आधी हिरवं बिलिव्हर्डिन बनतं, मग पिवळं बिलिरुबिन. कस्तुरचंद पार्कवर चेंडू लागून पोटरी काळीनिळी झाली, की चार-सहा दिवसांत तो डाग हिरवट आणि मग पिवळा पडतो. तीच ही रसायनक्रिया, कातडीखाली फुकटात बघायला मिळते.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे लघवीवाटे जात नाही. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन त्याला धरून यकृतात आणतं. उजव्या फासळ्यांखालच्या या दीड किलोच्या अवयवातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चक्क भोकं असतात, म्हणून अल्ब्युमिन थेट यकृतपेशीपर्यंत पोचतं. पेशी बिलिरुबिन आत ओढते आणि एक विकर (एन्झाइम) त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचे रेणू जोडतं. आता ते पाण्यात विरघळतं, पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथले जीवाणू त्यापासून शौचाला तपकिरी रंग देणारं द्रव्य बनवतात. पित्तनळीत खडा अडकला तर शौच मातकट पांढरं होतं, आणि हे जोडलेलं बिलिरुबिन रक्तात उलटून लघवी गडद करतं. रक्ताच्या रिपोर्टमधले ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ म्हणजे जोडलेलं आणि न जोडलेलं. डॉक्टर रंग विचारतात ते उगाच नाही.

आता माळ, म्हणजे कावीळ उतरावी म्हणून गळ्यात घालतात ती काड्यांची माळ; ती लांबली की कावीळ उतरली, असा समज. गळ्यातली माळ लांबत जाते, कारण काड्या वाळून आकसतात आणि सैल गाठी सरकतात. ती धडधाकट माणसाच्या गळ्यातही लांबेल. हेपॅटायटिस ए बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि श्रेय माळवाल्याला जातं. रोगी असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपेत राहिला, किंवा गरोदर बाईला कावीळ झाली, तर मात्र माळेच्या नादी लागू नका, त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हेपॅटायटिस ई जिवावर बेततो.