स्पार्क वेगळा, बॅक कोरोना वेगळा

चिमणीतून धूर दिसू लागला की ईएसपी, म्हणजे धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र, सांभाळणाऱ्याला पहिला फोन येतो, "फिल्डचा करंट वाढवा." (फिल्ड म्हणजे ईएसपीचा एक स्वतंत्र विभाग.) तो वाढवतो. धूर कमी व्हायचं नाव घेत नाही, कधी कधी आणखी वाढतो. मग लॉगबुकात "स्पार्किंग" असं लिहून शिफ्ट संपते. औष्णिक केंद्रांत हा घोळ इतका मुरलाय की बॅक कोरोना म्हणजे स्पार्कचाच मोठा भाऊ, असं चांगले जुनेजाणते लोकसुद्धा सांगतात.

स्पार्कबद्दल फार सांगायला नको. राखेला ऋण भार देणाऱ्या एमिटिंग इलेक्ट्रोडपासून राख गोळा करणाऱ्या कलेक्टिंग प्लेटपर्यंत वायूतून आरपार ठिणगी पडते, केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे फिल्डचं व्होल्टेज) क्षणात कोसळतो, कंट्रोलर मागे सरतो आणि पुन्हा चढतो. अधूनमधून पडणाऱ्या ठिणग्यांनी घाबरायचं कारण नाही. व्होल्टेज मर्यादेला टेकलंय, एवढाच त्याचा अर्थ. एकच फिल्ड कमी केव्हीवर सारखं ठिणग्या टाकत असेल तर अलाइनमेंट आणि इन्सुलेटर बघा.

बॅक कोरोनाचा उगम प्लेटवर साचलेल्या राखेच्या थरात असतो. प्लेटपर्यंत पोचायला करंटला त्या थरातून जावं लागतं. राखेची रोधकता १ लाख कोटी ओहम-सेंटिमीटर धरा आणि प्लेटच्या दर चौरस मीटरला फक्त ०.२ मिलीॲम्पिअर करंट धरा. गुणाकार केला तर थरात दर सेंटिमीटरला २० हजार व्होल्ट येतात. एवढ्या ताणाला राखेच्या कणांमधली हवा फुटते. थरातून धन आयन बाहेर पडून उलटे एमिटिंग इलेक्ट्रोडकडे धावतात आणि वाटेत भेटणाऱ्या ऋणभारित राखेचा भार पुसून टाकतात. भार गेलेला कण प्लेटकडे कशाला जाईल? तो सरळ चिमणीकडे जातो.

फसगत होते ती मीटरवर. दोन्ही दिशांनी आयन धावू लागल्यामुळे एमए (मिलीॲम्पिअर, म्हणजे करंट) भरपूर दिसतो, केव्ही मात्र खाली असतो, आणि स्पार्क काउंटर शांत. "करंट फुल आहे, ट्रिपिंग नाही, फिल्ड एकदम ओके" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. तो करंट राख पकडत नसतो, वीज खात असतो.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण आपला कोळसा. राख भरपूर आणि गंधक बहुधा १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे राखेच्या कणांवर वीज वाहून नेणारा सल्फर ट्रायऑक्साइडचा थर नीट बसत नाही. त्यात ईएसपीत शिरणाऱ्या वायूचं तापमान १३० ते १५० अंशांच्या घरात असतं आणि नेमक्या त्याच पट्ट्याच्या आसपास राखेची रोधकता शिखरावर असते.

ओळखायचं कसं? युनिट लोडवर असतानाच व्हीआय कर्व्ह, म्हणजे व्होल्टेज-करंटचा आलेख, काढा. एमए पायरी-पायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरीला केव्ही लिहा. धडधाकट फिल्डमध्ये दोन्ही चढत जातात. बॅक कोरोना असेल तर एका टप्प्यानंतर एमए पळत सुटतो आणि केव्ही थबकतो, नाहीतर मागे वळतो. कंट्रोलर व्हॅली केव्ही (केव्हीच्या लाटेचा सर्वांत खालचा बिंदू) दाखवत असेल तर तोच बघा, घसरण आधी तिथे दिसते. कमिशनिंगच्या वेळी स्वच्छ प्लेटांवर, धुराऐवजी नुसत्या हवेत काढलेला एअर लोडचा कर्व्ह फाइलमधून काढून कुणी पुढे करू नये. आजच्या राखेबद्दल तो काहीच सांगत नाही.

उपाय म्हणजे करंट कमी करणं. चार्ज रेशो (किती अर्धआवर्तनांतून एकदा वीज सोडायची ते प्रमाण) १:३, १:५ असा वाढवत न्या, म्हणजे मधल्या रिकाम्या अर्धआवर्तनांत थरातला भार निचरून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर अमोनिया डोसिंग, म्हणजे वायूत थोडा अमोनिया सोडणं. करंट खाली आणून धूर कमी होतो हे वरिष्ठांच्या गळी उतरवणं हे खरं जड काम.

मीटरवरच्या आणखी दोन खुणा. एमए जवळपास शून्य आणि केव्ही वर, तर एमिटिंग इलेक्ट्रोड राखेने माखलेत. केव्ही शून्य आणि एमए फुल, तर शॉर्ट आहे, आधी हॉपर (प्लेटांखालचं राख साठवायचं भांडं) भरलाय का बघा.

रॅपिंगच्या, म्हणजे प्लेटवरची राख ठोकून पाडण्याच्या, बाबतीतही "जास्त ठोका" हा सगळ्यांचा लाडका उपाय. बॅक कोरोनातली राख प्लेटला विजेच्या जोराने चिकटलेली असते, नुसत्या हातोड्याला ती दाद देत नाही. एका वेळी एकच फिल्ड घेऊन, रॅपिंगपुरतं त्याचं व्होल्टेज उतरवा. उठसूट ठोकलं की थर जाड होण्याआधीच निघतो, राख ढेकळांनी हॉपरमध्ये पडण्याऐवजी भुकटी होऊन वायूबरोबर जाते. म्हणून पहिलं फिल्ड वरचेवर आणि शेवटचं क्वचित ठोकायचं. सगळ्या फिल्डना एकच टायमर लावलेला दिसला की माझं डोकं फिरतं.

आणि ओपॅसिटीची (चिमणीतला धूर किती प्रकाश अडवतो त्याची) टक्केवारी म्हणजे मिलिग्रॅम नव्हे. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेतल्या १००, ५० आणि ३० या धूलिकणांच्या मर्यादा दर सामान्य घनमीटरला मिलिग्रॅममध्ये आहेत. चिमणीतून नमुना घेऊन मीटर जुळवलेलं नसेल तर टक्क्यांवरून मर्यादेचा अंदाज बांधू नका. आलेखाचा आकार मात्र कामाचा असतो. त्यावर टोकं उठत असतील तर त्यांच्या वेळा रॅपिंगच्या टायमरशी ताडून बघा. जुळल्या तर आधी शेवटच्या फिल्डचं वेळापत्रक सुधारा. टोकं न येता आलेख एकसारखा वरच राहिला, तर टायमरला हात न लावता व्हीआय कर्व्ह काढायला बसा.