कॉम्प्रेसर की इलेक्ट्रॉनिक? थंड-गरम पाण्याचं मशीन घेताना आधी मागची बाजू बघा

दुकानात दोन मशीन शेजारीशेजारी उभी असतात. दोन्ही पांढरी, कमरेच्या वर येणारी. डोक्यावर २० लिटरचा जार उलटा बसवायची जागा, पुढे एक लाल आणि एक निळा नळ. एकावर ‘कॉम्प्रेसर कूलिंग’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘इलेक्ट्रॉनिक कूलिंग’. दुसरं स्वस्त, हलकं, आणि नावावरून जास्त आधुनिक वाटणारं. अकोल्याला आई-बाबांसाठी मी तेच घेतलं. दुकानदार म्हणाला होता, “काम एकच आहे ताई, यात फक्त गॅसची कटकट नाही.” गॅसची कटकट नव्हती, हे खरं. काम मात्र एकच नव्हतं.

मे महिना, अकोल्याचा पारा ४४ च्या पुढे. बाबांनी निळ्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, दोन घोट प्यायले आणि म्हणाले, “अगं, आपल्या माठातलं याहून गार लागतं.” मी दोन्ही पिऊन पाहिलं. फार तर उन्नीस-वीसचा फरक, आणि तोही माठाच्या बाजूनं. मशीन बिघडलं असेल म्हणून तक्रार केली. माणूस आला, पंखा फिरतोय, लाइट लागतोय असं पाहून “सगळं ठीक आहे” म्हणून गेला. त्याचंही चुकलं नव्हतं. अगदी तेच मॉडेल पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे आणि ती त्यावर खूश आहे.

कॉम्प्रेसरचं मशीन म्हणजे छोटा फ्रीजच. आत गॅस असतो, बहुतेकदा आर-१३४ए किंवा आर-६००ए. कॉम्प्रेसर तो दाबतो, मागच्या काळ्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकतो, आणि पुढे दाब कमी झाला की टाकीभोवतीच्या नळीत त्याची वाफ होताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. पाणी साधारण ५ ते १० अंशांपर्यंत उतरतं. खोली तापलेली असली तर वेळ जास्त लागतो, पण पाणी गार होतं.

इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. आत असते जेमतेम ४ सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक चपटी चकती. तिला पेल्टियर म्हणतात. ज्याँ पेल्टियर हा फ्रेंच माणूस आधी घड्याळजी होता, मग भौतिकशास्त्राकडे वळला. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की एक सांधा गार होतो आणि दुसरा तापतो, हे त्यानं १८३४ मध्ये नोंदवलं. आजच्या चकतीत धातूंऐवजी अर्धवाहक (सेमीकंडक्टर) असतात, तत्त्व तेच. चकतीची गार बाजू पाण्याच्या टाकीला चिकटलेली, गरम बाजू ॲल्युमिनियमच्या पात्यांना. त्या पात्यांवर छोटा पंखा खोलीतली हवा मारत राहतो.

गोम इथेच आहे. पाती खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाहीत, आणि चकती आपल्या दोन बाजूंत ठरावीकच फरक राखू शकते. पुण्यात खोली २७-२८ अंशांची असेल तर पाणी १३-१४ पर्यंत येतं, छान लागतं. अकोल्यात दुपारी स्वयंपाकघर ४० वर गेलेलं असतं आणि जारमधलं पाणीही ३५ च्या पुढे असतं. तिथे तीच चकती कितीही राबली तरी पाणी पंचविशीच्या आसपास अडकतं. आणि कोरड्या हवेत माठातलं पाणी भराभर झिरपून उडतं, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात माठ सगळ्यात चांगला चालतो. ज्या दुपारी मशीन हरतं, त्याच दुपारी माठ जिंकतो. रत्नागिरीच्या दमट हवेत माठाची ही करामत बरीच कमी पडते.

वेळेचा हिशेबही पाहा. १ लिटर पाणी ३५ वरून १० अंशांवर आणायचं तर सुमारे १०५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. चकतीनं सेकंदाला २५ ज्यूल उपसले, तरी तासाहून जास्त वेळ गेला. घरात चार माणसं आणि वर दोन पाहुणे आले की तिसऱ्या पेल्यालाच गारवा संपतो.

विजेबद्दलही आपण फसतो. इलेक्ट्रॉनिक मशीनच्या पट्टीवर गारव्यासाठी ६०-७० वॅट दिसतात, कॉम्प्रेसरच्या पट्टीवर १०० च्या आसपास. पण कॉम्प्रेसर पाणी गार झालं की थांबतो. उन्हाळ्यात चकती थांबतच नाही. ६५ वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला दीड युनिट, आणि हाती माठाएवढंच गार पाणी.

म्हणून इलेक्ट्रॉनिक मशीन वाईट असं मी म्हणणार नाही. ते हलकं असतं, एकट्यानं उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतं, वीज गेली-आली तरी त्याला काही होत नाही. एक-दोन माणसं आणि हवा फार तापत नसेल, तर बेलाशक घ्या. मोठं कुटुंब किंवा विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा असेल तर कॉम्प्रेसरच.

ओळखायचं कसं? उंचीवर जाऊ नका, उंच मशीनच्या पोटातही चकती असू शकते. मागे वळून बघा. काळी जाळी आणि तळाशी काळा गोल डबा दिसला तर कॉम्प्रेसर. फक्त पंख्याची झडप असेल तर चकती. कॉम्प्रेसरच्या मशीनवर मागच्या पट्टीत गॅसचं नाव आणि त्याचे ग्रॅम छापलेले असतात. ते नसतील तर दुकानदार काहीही म्हणो, आत कॉम्प्रेसर नाही.

गरम पाण्यासाठी दोन्ही सारखीच: बहुधा ५०० वॅटचा हीटर, पाणी ८५ ते ९५ अंश. एवढ्या पाण्यानं क्षणात भाजतं. घरात लहान मूल असेल तर लाल नळाला लॉक आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. नवीन मशीन लावताना जार बसवा, लाल नळातून पाण्याची धार येईपर्यंत थांबा आणि मगच हीटरचं बटण दाबा. टाकी कोरडी असताना हीटर लागला तर तो जळतो. हे बटण मागे वेगळं असतं, रात्री बंद ठेवा.

कॉम्प्रेसरचं मशीन आडवं करून आणलं असेल तर उभं करून काही तास तसंच राहू द्या, मग चालू करा. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, चार-पाच मिनिटं जाऊ द्या.

आणि यातलं साधं मशीन पाणी शुद्ध करत नाही, मग ते दोन्हींपैकी कुठलंही असो. जारमध्ये जे आहे तेच नळातून येतं. म्हणून जार सीलबंद घ्या, त्यावर आयएसआयचा आयएस १४५४३ हा क्रमांक बघा आणि मशीन उन्हाच्या झोताजवळ ठेवू नका, जारमध्ये शेवाळ धरतं. दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून, गरम टाकी निवल्यावर, मागचं बूच काढून दोन्ही टाक्या रिकाम्या करा. जार जिथे बसतो त्या खोलगट भागात एकदा बोट फिरवून बघा. आमच्याकडे पहिल्यांदा फिरवलं तेव्हा बोटाला बुळबुळीत थर लागला होता. तेव्हापासून पांढऱ्या कपड्यानं तो भाग पुसते आणि कपडा स्वच्छ निघेपर्यंत नवा जार चढवत नाही.