मिडल स्ट्रेट आणि होमफ्रे स्ट्रेट: बारतांगच्या दोन बाजूंचं पाणी

नावावरून कुणालाही वाटेल, की मिडल स्ट्रेट ही सामुद्रधुनी मिडल अंदमान बेटाला लागून असणार. पण ती आहे दक्षिण अंदमान आणि बारतांग या बेटांच्या मध्ये. बारतांग आणि मिडल अंदमान यांच्यामधली ती होमफ्रे स्ट्रेट. १८६०च्या दशकातल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचं हे नाव, आता तिथे ‘हम्फ्री’ झालंय.

कोकणातल्या माणसाला दोन्ही खाड्याच वाटतील. अरुंद पाणी, काठाला दाट तिवरं, चिखल, मगरींची भीती. फरक एवढाच, की खाडीच्या वरच्या टोकाला नदी असते. इथे दोन्हीकडे समुद्रच: पश्चिमेला बंगालचा उपसागर, पूर्वेला अंदमानचा समुद्र.

मिडल स्ट्रेटला पोहोचायचं तर पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) शंभरेक किलोमीटर जावं लागतं. त्यातला जिरकाटांगपासून पुढचा जवळपास निम्मा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी, ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही. हे नियम मला कधीच जाचक वाटले नाहीत. २०११च्या जनगणनेत जारवा अवघे ३८० होते, आणि बाहेरून आलेली साधी साथही त्यांच्यावर बेतू शकते. १९९९मध्ये त्यांच्यात गोवर पसरला होता. राखीव भागातला हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलं होतं. तो आजही वाहता आहे. ताफा संपतो तिथे मिडल स्ट्रेटची जेट्टी. बस, ट्रक, माणसं सगळी फेरीबोटीतून पलीकडे बारतांगच्या निलांबूर जेट्टीवर उतरतात. बारतांगमध्ये छोटा नागपूरहून जंगलकामासाठी आणलेल्या उराँव, मुंडा, खडिया मजुरांचे वंशज राहतात. अंदमानात सगळे त्यांना ‘रांची’ म्हणतात.

होमफ्रेचं पाणी बारतांगच्या उत्तरेला. गांधी घाट ते उत्तरा जेट्टी अशी इथली फेरी. आता वरून आझाद हिंद फौज सेतू गेलाय, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. पलीकडे कदमतला, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती. याच परिसरात १९९७च्या अखेरीस जारवा पहिल्यांदा धनुष्यबाण बाजूला ठेवून, दिवसाउजेडी वस्तीत आले. त्याआधीची कित्येक वर्षं बाणांच्या आणि बंदुकांच्या भीतीत गेली होती. दोन सामुद्रधुन्यांमधला हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो: मिडल स्ट्रेटकडे जाताना आपण त्यांच्या घरातून जातो, होमफ्रेच्या काठी ते आपणहून आपल्या दारात आले.

बहुतेक पर्यटक होमफ्रेपर्यंत जातच नाहीत. फेरीबोटीतून उतरून तुम्ही छोट्या होडीने चुनखडीच्या गुहा पाहायला गेला असाल आणि त्याच दिवशी परत फिरला असाल, तर तुम्ही ओलांडली ती मिडल स्ट्रेट.