अठराच्या आतल्याला काही होत नाही?

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर हे वाक्य मी पोरांच्या तोंडून ऐकलंय. "कोयता तू धर भावा, तू अजून सतराचा. तुला काय होत नाही." बोलणारा पंचविशीचा, ऐकणारा अजून दाढी न फुटलेला. हा समज चुकीचा आहे, आणि तो पसरवणाऱ्याच्या फायद्याचा आहे.

समज येतो कुठून? अल्पवयीनाला बेड्या घालत नाहीत, कोठडीत ठेवत नाहीत. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करतात आणि बऱ्याचदा जामीन मिळतो. पोरगं संध्याकाळी गल्लीत दिसलं की लोक म्हणतात, "सुटला." सुटलेला नसतो, चौकशी चालूच असते.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 16 ते 18 वयाच्या मुलाने खुनासारखा, किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, तर मंडळ त्याची समज आणि मानसिक क्षमता तपासतं. मग खटला प्रौढासारखा चालवायला बालन्यायालयाकडे जाऊ शकतो. फाशी होत नाही, पण वर्षं जातात.

आणि पुढे करणाऱ्या 'भाऊ'चं काय? मुलाला बेकायदा कामात वापरणाऱ्याला याच कायद्याच्या कलम 83 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख रुपये दंड होऊ शकतो. हे गाड्यावर कुणी सांगत नाही.

पोरगं अशा टोळक्यात अडकतंय असं वाटलं, तर ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला विचारा, किंवा मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर फोन लावा. गुन्हा घडेपर्यंत थांबायची गरज नाही.