पार्श्वभूमी : ओपन सोर्सचं काम आणि नेमणूकपत्रातलं एक कलम

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याचे आयटीवाले कंपनीचे लॅपटॉप घेऊन चिपळूण, गुहागर, मालवण, सावंतवाडीला आले. बरेच परतले, काही राहिले. राहिलेल्यांत जे ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांना हात लावतात त्यांच्या दिवसाची सरमिसळ झाली. दुपारी क्लायंटचा कॉल, रात्री त्याच टेबलावर, कधी त्याच लॅपटॉपवर, एखाद्या लायब्ररीतला (तयार कोडच्या संचातला) बग. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा तर वेळापत्रकच उरलं नाही. लाइट आली की जे हाती लागेल ते उरकायचं. ऑफिसची वेळ वेगळी आणि स्वतःची वेगळी हे गृहीत धरून लिहिलेले करार अशा घरात लागू कसे करायचे? कंपनीने या कामाला पाठबळ कसं द्यावं, ही चर्चा इथे पैशाच्या आधी कागदावर येऊन अडते ती त्यामुळे.

जीएनयू आणि लिनक्स हे ओपन सोर्सचे जुने मोठे प्रकल्प आणि लायसन्सांची भांडणं हा सुरुवातीचा इतिहास इथे बाजूला ठेवू. कंपन्या मोठा पैसा घेऊन उतरल्या त्या शतक बदलताना. २००१ या एका वर्षात लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा एका जुन्या अमेरिकी संगणक कंपनीने केली होती. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, येणारा बहुतांश कोड आज पगारी माणसं लिहितात. आपल्याकडेही भारतीय लिपींच्या ‘लोहित’ फॉन्टची देखभाल आणि लिनक्सच्या डेस्कटॉपचं मराठीकरण यांतलं बरंच काम पुण्यातल्या नोकरदारांनी पगारी वेळेत केलं आहे. हौशी पोरांचा रात्रीचा उद्योग ही प्रतिमा तेव्हाही अर्धीच खरी होती.

कागदाचा प्रश्न ऐरणीवर आला तो २००३ मध्ये. लिनक्समध्ये आपला मालकीचा कोड घुसवला गेला, असा दावा करत एका कंपनीने अमेरिकेतल्या युटा राज्यात खटला भरला. खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, पण कर्नलवाल्यांनी धडा लगेच घेतला. २००४ पासून प्रत्येक पॅचखाली (कोडमधल्या बदलाखाली) पाठवणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहायची पद्धत पडली. हा कोड पाठवायचा अधिकार मला आहे, असं तो माणूस त्या ओळीतून स्वतःच्या नावाने सांगत असतो. काही प्रकल्प याहून पुढे गेले. त्यांच्या करारात, तुमच्या कामावर मालकाचा हक्क असेल तर त्याची परवानगी मिळाली आहे असं लिहून द्यावं लागतं; कंपनीने सही करायचा करार निराळा.

घरी बसून ती ओळ लिहिणाऱ्याच्या हातात मुळात अधिकार असतो का? भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ (सी) सांगतं की नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. ‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे कुठवर, हे कायद्याने मोकळं सोडलं. ती मोकळी जागा नेमणूकपत्रांनी भरली, आणि भरली ती एकाच बाजूने. नोकरीच्या काळात, कामाच्या वेळेत वा बाहेर, कंपनीच्या साधनांवर वा स्वतःच्या, जे काही निर्माण कराल ते कंपनीचं, अशा धर्तीचं कलम अनेक पत्रांत सापडतं. रुजू होण्याच्या दिवशी वीस कागदांत त्यावर सही होते. ते कोर्टात कितपत टिकेल हा वकिलांचा विषय, पण नोकरी टिकवायची असलेला माणूस कोर्टापर्यंत जात नाही.

कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात याला लगाम आहे. स्वतःच्या वेळेत, मालकाची साधनं न वापरता केलेला आणि मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेला शोध कंपनीला करारानेही हिरावता येत नाही. आपल्या कायद्यात असं कलम नाही. २०१७ मध्ये कोड साठवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीने आपला कर्मचारी-करारच सर्वांना वापरायला खुला केला. त्यात कंपनीच्या कामाशी संबंध नसलेलं लेखन माणसाचंच राहतं, लॅपटॉप कंपनीचा असला तरी. कोकणातल्या घरी नेमकं हेच कलम हवं आहे, आणि त्याला खर्च जवळपास शून्य.

सेवा कंपन्यांत गाठ आणखी एक आहे. तिथे कोड कंपनीचाही नसतो, तो क्लायंटचा. मॅनेजर मनाने कितीही उदार असो, सिएटल किंवा फ्रँकफुर्टच्या क्लायंटने लिहून दिल्याशिवाय तो हो म्हणू शकत नाही. भर म्हणून सप्टेंबर २०२२ आला. प्रतिस्पर्ध्यांसाठी लपून काम केल्याबद्दल सुमारे ३०० जणांना काढल्याचं देशातल्या एका मोठ्या आयटी कंपनीने जाहीर केलं. दुसरी पगारी नोकरी आणि फुकट पाठवलेला पॅच यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण ‘मूनलायटिंग’ या एका शब्दाखाली दोन्ही ढकलली जाऊ लागली. टोपणनावाने कोड पाठवावा, असं त्यानंतर कुणाला वाटलं तर दोष त्याचा नव्हे.

पैशाची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या ओपन सोर्स लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा बग उघड झाला तेव्हा कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप असलेल्या या लायब्ररीला वर्षाला २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या. मग मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतल्या त्रुटीने तीच परीक्षा पुन्हा घेतली. २०२४ मध्ये एका भारतीय शेअरदलाली कंपनीनेही वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे सगळं चांगलंच, पण शिमग्याला मुंबईहून वर्गणी आली म्हणून पालखी नाचत नाही. खांदा द्यायला माणूस गावात लागतो. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण हेच दाखवतं. एकट्या थकलेल्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास दोनेक वर्षं कमावून कुणीतरी त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर काम करण्यासाठीच पगार घेणाऱ्या एका इंजिनिअरने. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे बघत बसायला त्याच्याकडे वेळ होता.

म्हणून आठवड्यातले ठरावीक तास, अप्रेझलमध्ये या कामाची नोंद, छोट्या दुरुस्त्यांना आधीच दिलेली सरसकट मंजुरी या गोष्टी देणगीहून जास्त उपयोगी ठरतात. त्यातली सरसकट मंजुरी सर्वांत स्वस्त, आणि लीगल विभाग सर्वांत जास्त अडतो ती तिथेच.

आता दबाव युरोपातून येतो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या युरोपीय सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार, उत्पादनात वापरलेल्या घटकात, तो ओपन सोर्स असला तरी, त्रुटी सापडली तर ती मूळ मेंटेनरला कळवावी लागेल आणि दुरुस्ती केली असेल तर तो कोडही द्यावा लागेल. प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींची सरकारी यंत्रणेला माहिती देण्याचं बंधन सप्टेंबर २०२६ पासून, बाकीची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून. जबाबदारी उत्पादकाची आहे, म्हणजे बहुधा क्लायंटची. दुरुस्ती लिहिणारा मात्र देवरुखला बसलेला असू शकतो. त्याने तो कोड कुणाच्या नावाने पाठवायचा, हे क्लायंट आणि कंपनी यांच्यातल्या करारात ठरतं, आणि तो करार त्याला वाचायला मिळत नाही.