सीएसएफ गळतीसाठी कॉन्ट्रास्ट एमआरआय

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणारा द्रव, म्हणजे सीएसएफ, ड्युरा या आवरणाला भोक पडल्याने झिरपू लागला की ती जागा गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट (चित्रात उजळ दिसणारे औषध) देऊन एमआरआयवर शोधता येते. कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतून देतात किंवा कमरेत सुई घालून थेट सीएसएफमध्ये सोडतात. धोक्याच्या बाबतीत या दोन पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गळती कवटीच्या तळाशी असेल तर खाली वाकताच एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव टपकतो. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात घरोघरी सर्दी असते, त्यामुळे हे लक्षण ॲलर्जीच्या खात्यात जाते. हा स्राव साध्या निर्जंतुक नळीत धरून बीटा-२ ट्रान्सफेरिन (सीएसएफची ओळख पटवणारे प्रथिन) तपासायला पाठवावा. साखर तपासायच्या पट्टीवर विसंबू नये. मग पातळ कापांचा सीटी आणि कॉन्ट्रास्टशिवायचा हेवी टी-२ (द्रव ठळक पांढरा दाखवणारा) एमआरआय. बऱ्याच रुग्णांत एवढ्यावरच जागा सापडते आणि कमरेतल्या सुईची वेळ येत नाही.

कण्यातल्या गळतीत उभे राहिले की डोके दुखते आणि आडवे झाले की उतरते. येथे आधी शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन मेंदूचा एमआरआय करतात. मात्रा किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे ०.५ मोलर (मिलिमागे ०.५ मिलिमोल) औषध असल्यास ६० किलोच्या माणसाला १२ मिलि. ड्युराचे सर्वत्र उजळणे, फुगलेल्या शिरा, खाली ओघळलेला मेंदू या खुणांवरून द्रव कमी पडल्याचे कळते. गळती कुठे आहे हे त्यातून कळत नाही. इजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) ३०च्या खाली असेल तर औषधाची निवड रेडिओलॉजिस्टने विचारपूर्वक करावी.

सीएसएफमध्ये सोडण्यासाठी गॅडोलिनियमच्या औषधांना मान्यता नाही. हा वापर ऑफ-लेबल, म्हणजे मान्यतेबाहेरचा आहे आणि संमतीपत्रात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने लेबलवर चौकटीत इशारा दिला आहे: या मार्गाने मृत्यू, कोमा, झटके आणि एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचे काम बिघडणे) होऊ शकते.

रूढ मात्रा ०.५ मोलर औषधाची जास्तीत जास्त ०.५ मिलि, म्हणजे ०.२५ मिलिमोल. १० मिलिच्या बाटलीत याच्या वीसपट औषध असते, आणि गंभीर विषबाधा मुख्यतः १ मिलिमोलच्या वर नोंदलेली आहे. म्हणून औषध १ मिलिच्या सिरिंजमध्येच भरावे, दोघांनी लेबल मोठ्याने वाचावे आणि उरलेली बाटली लगेच ट्रेवरून हलवावी. गॅडोब्युट्रॉल १ मोलर असते. तेवढेच मिलि भरले तर मात्रा दुप्पट होते. ही चूक घाईत अगदी सहज घडते.

सुई एक्स-रे स्क्रीनिंगखाली, एमआरआय खोलीच्या बाहेर घालतात. औषध रुग्णाच्याच ४-५ मिलि सीएसएफमध्ये मिसळून सावकाश सोडतात. त्याआधी फॅट-सॅच्युरेटेड (चरबीची चमक दाबलेली) टी-१ चित्रे घ्यायलाच हवीत, कारण साचलेला घट्ट स्राव किंवा रक्तही पांढरे दिसते आणि नंतर गळतीसारखे भासते. मग डोके खाली करून रुग्णाला वळवतात. तासा-दोन तासांनी तिन्ही प्रतलांत चित्रे घेतात, काही न दिसल्यास २४ तासांपर्यंत पुन्हा.

मंद किंवा थांबून-थांबून होणाऱ्या गळतीत ही पद्धत उपयोगी पडते. कण्याच्या पुढच्या बाजूची गळती जोराची असेल तर चित्र घेईपर्यंत कॉन्ट्रास्ट सगळीकडे पसरलेला असतो आणि भोक नेमके कुठे हे हातातून निसटते. तेथे डायनॅमिक सीटी मायलोग्राम (सीएसएफमध्ये कॉन्ट्रास्ट सोडता-सोडताच घेतलेला कण्याचा सीटी) बरा. २०१४ साली वर्णन झालेल्या सीएसएफ-शिरा फिस्टुलासाठी (सीएसएफ थेट शिरेत जाण्याची वाट) रुग्णाला कुशीवर झोपवून मायलोग्राम करतात.

घोडबंदर रोडपासून नेरूळ-खारघरपर्यंत एमआरआय केंद्रे आहेत आणि शिरेतला कॉन्ट्रास्ट तेथे देता येतो. कमरेतला मात्र न्यूरोसर्जन आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयातच घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, कवटीतला दाब वाढलेला असेल किंवा पूर्वी गॅडोलिनियमची रिॲक्शन आली असेल तर आधी सांगावे. सुईनंतर लोकलने उभ्याने ठाण्याला परतण्याचा बेत नको. काही तास निरीक्षणाखाली राहावे. गोंधळल्यासारखे बोलणे, उलट्या, आचके किंवा पाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर लगेच कळवावे. डिस्चार्ज कार्डावर औषध, मिलि आणि वेळ लिहून घ्यावी. पुढच्या एक-दोन दिवसांत दुसरीकडे एमआरआय झाला तर फ्लेअर चित्रात (ज्यात सीएसएफ एरवी काळा दिसतो) सीएसएफ पांढरा दिसतो आणि तो रक्तस्राव किंवा मेंदूज्वर म्हणून वाचला जाऊ शकतो.